बियाणं आणि रान : लठ्ठपणा स्तनाच्या कॅन्सरला पसरायला वाट कशी करून देतो

मोहोळ-मंगळवेढ्याकडचा शेतकरी मालदांडी ज्वारी पेरण्याआधी रान बघतो. पिशवी तीच, बियाणं तेच. पण काळ्या रानात ओल धरून कणीस भरतं आणि मुरमाड माळावर उगवलेलं ताट वीतभर होऊन करपतं. कॅन्सर शरीरात पसरतो कसा, हे समजायला यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही. कल्पना तशी जुनीच आहे. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. पसरलेल्या गाठी कुठेही सापडत नव्हत्या. ठरावीक अवयवांत जास्त, बाकीच्यांत क्वचित. रक्त यकृताला मिळतं तसं प्लीहेलाही मिळतं, पण गाठी यकृतात कितीतरी जास्त. बी चहूकडे उडतं, रुजतं मात्र मानवेल त्या मातीतच, असा निष्कर्ष त्याने काढला.

नंतरची शंभर वर्षं डॉक्टरांचं लक्ष प्रामुख्याने बियाण्यावर राहिलं : गाठ किती मोठी, कोणत्या जातीची, पेशी किती बिथरलेल्या. गेल्या दोन-तीन दशकांत रानाकडे नजर वळली. शरीरात चरबी जास्त असली की हे रान बदलतं. स्तनातलं बदलतं आणि तिथून दूर असलेल्या फुप्फुसातलं, यकृतातलंही.

आधी दोन प्रश्न वेगळे करू

लठ्ठपणामुळे स्तनाचा कॅन्सर होतो का, हा एक प्रश्न. झालेला कॅन्सर लठ्ठपणामुळे पसरतो का, हा दुसरा. दवाखान्याबाहेरच्या गप्पांत दोन्हींची सरमिसळ होते आणि मग ‘आमची आत्या तर काडीसारखी होती, तिला कसा झाला?’ इथे येऊन चर्चा संपते. बारीक बाईलाही कॅन्सर होतो. वय, घराण्यातली जनुकं, पहिलं मूल किती उशिरा झालं, अंगावर किती पाजलं, अशी बरीच कारणं असतात. वजन त्यांतलं एक. मात्र आपल्या हातात थोडंफार येण्यासारख्या मोजक्या कारणांपैकी ते आहे, म्हणून त्याची एवढी चर्चा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वयावर अवलंबून आहे. पाळी गेल्यानंतर लठ्ठपणामुळे धोका वाढतो, हे पक्कं झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जादा चरबीशी जोडलेल्या १३ कॅन्सरची यादी दिली, त्यात पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ५ अंकांनी वाढला की धोका साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. पाळी चालू असताना चित्र उलटं : पाश्चात्त्य स्त्रियांमध्ये जादा वजनाने धोका किंचित कमीच दिसतो. आशियातल्या अभ्यासांत ही सवलत दिसलेली नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर आपण राहू नये.

दुसऱ्या प्रश्नात मात्र वयाची सवलत कुणालाच नाही. ८२ अभ्यासांतल्या २ लाख १३ हजार रुग्णांची आकडेवारी २०१४ मध्ये एकत्र मांडली गेली. निदानाच्या आधी लठ्ठ असलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण योग्य वजनाच्या स्त्रियांपेक्षा ४१ टक्के जास्त होतं. पाळी गेलेल्यांत ते ३४ टक्के, तर पाळी चालू असलेल्यांत ७५ टक्के जास्त. म्हणजे तरुण वयात वजन कॅन्सरला थोडं लांब ठेवत असेलही, पण तो आलाच तर त्याच्याच बाजूने उभं राहतं.

चरबी म्हणजे गोदाम नव्हे, कारखाना

मार्केट यार्डात कांद्याची पोती रचून ठेवावीत तशी जास्तीची ऊर्जा चरबीत रचून ठेवलेली असते, असं आपल्याला वाटतं. ते निम्मंच खरं. चरबीच्या पेशी दिवसरात्र माल तयार करून रक्तात सोडतात, आणि वजन वाढलं की त्या मालाची प्रत बिघडते. तीन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, इस्ट्रोजेन. पाळी चालू असताना हे हार्मोन मुख्यतः बीजकोशांत तयार होतं. पाळी गेली की बीजकोश थंडावतात, पण इस्ट्रोजेन शून्यावर येत नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी पुरुषी जातीची हार्मोन्स थोड्या प्रमाणात बनवतच असतात. चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते या हार्मोन्सचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. चरबी जास्त, तर अरोमाटेज जास्त, तर इस्ट्रोजेन जास्त. शिवाय स्तनाचा बराचसा भाग चरबीचाच असल्याने हा कारखाना दूधनलिकांच्या भिंतीला भिंत लावून चालतो. स्तनाच्या बहुसंख्य कॅन्सरमध्ये पेशींत इस्ट्रोजेनच्या किल्लीने उघडणारी कुलपं (रिसेप्टर) असतात. रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं ते हेच. अशा पेशींना शेजारून खुराक मिळत राहतो.

दुसरी, धुमसती आग. चरबीची पेशी फुगत गेली की तिच्यापर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही आणि ती मरते. मेलेली पेशी उचलायला पांढऱ्या पेशी येतात आणि तिच्याभोवती गोल कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखं दिसतं. जखमेभोवती येते तशीच ही सूज, पण जखम दोन आठवड्यांत भरते आणि ही सूज वर्षानुवर्षं राहते. या पांढऱ्या पेशी टीएनएफ, आयएल-६ अशी रसायनं सोडतात, त्यांनी अरोमाटेज आणखी वाढतं. एक बिघाड दुसऱ्याला पोसतो.

तिसरी, इन्सुलिन. पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं. रक्तातली साखर तपासणीत अजून नॉर्मल येत असते, पण इन्सुलिन चढलेलं असतं. इन्सुलिन पेशींना वाढायलाही लावतं. कॅन्सरच्या पेशींवर त्याची कुलपं भरपूर असतात. याच वेळी चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन जास्त येतं, ते पेशींना वाढायला आणि हलायला चिथावतं. आणि आवर घालणारं अडिपोनेक्टिन हे चरबीतलंच दुसरं हार्मोन कमी पडतं.

गाठीपासून फुप्फुसापर्यंत

कॅन्सर पसरणं हा एका उडीचा खेळ नाही. पेशीला पाच टप्पे पार करावे लागतात आणि बहुतेक पेशी वाटेतच मरतात. लठ्ठपणा जवळपास प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी मदत करतो, आणि त्या थोड्याथोड्याची बेरीज मोठी होते.

सुरुवात कुंपण तोडण्यापासून. दूधनलिकेभोवती पातळ पडदा असतो, तो फोडून पेशीला बाहेर यावं लागतं. सतत सुजलेल्या चरबीत जखमेच्या व्रणासारखे चिवट धागे वाढतात आणि ऊती कडक होते. मऊ ऊती कॅन्सरला सोयीची असेल असं वाटतं ना? उलट आहे. कडक धाग्यांना धरून पेशी ओढत पुढे जातात, आणि कडकपणा स्वतःच त्यांना आक्रमक व्हायचा इशारा देतो. गाठीला खेटून असलेल्या चरबीच्या पेशी तर आपल्यातलं तेल बाहेर सोडतात आणि कॅन्सरच्या पेशी ते शोषून प्रवासाची शिदोरी करतात.

मग रक्तवाहिनीत शिरणं. सुजेची रसायनं नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतात. या घाईत बांधलेल्या वाहिन्या गळक्या असतात, आत घुसायला सोप्या.

रक्तातला प्रवास सगळ्यांत जीवघेणा, अर्थात पेशीच्या दृष्टीने. प्रवाहाचा मार असतो, प्रतिकार पेशींचा पहारा असतो. अंगावर प्लेटलेट्सचं पांघरूण मिळालं तर पेशी त्यातून वाचते. आणि लठ्ठपणात प्लेटलेट्स आधीच जास्त चिकट, जास्त चिडलेल्या असतात.

चौथा टप्पा बाहेर पडण्याचा, आणि इथली माहिती अलीकडची आहे. २०१७ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं की लठ्ठ उंदरांच्या फुप्फुसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि स्तनाचा कॅन्सर तिथे जास्त रुजतो. उंदरांचं वजन उतरवल्यावर हा परिणाम मागे हटला. २०२१ मध्ये त्याच धाग्यावरचं पुढचं काम आलं : हे न्यूट्रोफिल जहाल रसायनं सोडून रक्तवाहिनीच्या अस्तराचे सांधे सैल करतात, आणि त्या फटीतून कॅन्सरची पेशी फुप्फुसात उतरते. पहारेकऱ्यानेच कडी काढून ठेवावी तसं.

शेवटी रुजणं. चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत पाल्मिटेट नावाचं स्निग्धाम्ल आधीच साठलेलं असतं आणि येणारी पेशी त्यावर जगते, असं २०२३ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे बी पडायच्या आधीच रानात खत. उंदीर म्हणजे बाई नव्हे, हे खरंच; पण प्राण्यांतली ही यंत्रणा आणि माणसांतले आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून तिची दखल घ्यायची.

एक बारकावा रुग्णांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरच्या काही पेशी हाडांत किंवा इतरत्र जाऊन वर्षानुवर्षं झोपून राहू शकतात. उपचार संपून ५ वर्षं झाली, सगळे रिपोर्ट स्वच्छ, आणि १२व्या किंवा १७व्या वर्षी हाडात गाठ निघते, असं होतं. डेन्मार्कमध्ये जवळपास १९ हजार रुग्णांच्या वजनाच्या नोंदींवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. बीएमआय ३० किंवा जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये १० वर्षांनंतर दूरच्या अवयवांत कॅन्सर पसरण्याचा धोका ४६ टक्के जास्त होता. हा फरक सुरुवातीच्या वर्षांत नव्हे, तर पुढच्या वर्षांत उघड झाला. झोपलेलं बी आणि हळूहळू तयार होणारं रान, असा याचा अर्थ लावता येतो.

४६ टक्के ऐकून घाबरू नका. शंभरातल्या ४६ जणींना पसरतो, असं ते नाही. समजा, योग्य वजनाच्या १०० जणींपैकी १० जणींना पसरणार असेल, तर लठ्ठ १०० जणींपैकी १४-१५ जणींना. उरलेल्या ८५ जणींना नाही.

काट्यावर बारीक, आतून चरबी

‘माझं वजन तर ५५च आहे’ म्हणून हा लेख इथेच मिटवू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि लंडनच्या एका डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र लंडनकराची ९.१ टक्के आणि पुणेकराची २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोटाला घेर, हा बांधा सर्रास दिसतो. अमेरिकेत पाळी गेलेल्या, बीएमआय नॉर्मल असलेल्या ३,४६० स्त्रियांची चरबी यंत्राने मोजली. सर्वांत जास्त चरबी असलेल्या गटात स्तनाच्या कॅन्सरचा धोका सर्वांत कमी चरबीवाल्या गटाच्या जवळपास दुप्पट निघाला.

म्हणून भारतीयांसाठी रेषा खाली ओढल्या आहेत. बीएमआय २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. हिशोब असा : वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा, आणि भागा. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६२ किलो असेल तर १.५२ गुणिले १.५२ म्हणजे २.३१, ६२ भागिले २.३१ म्हणजे २६.८. ही बाई आपल्या रस्त्यात कुणाला जाडी वाटणार नाही, ‘खाऊनपिऊन सुखी’ वाटेल. याच उंचीला २५ची रेषा ५८ किलोच्या जरा खाली येते.

कंबर मोजणं त्याहून उपयोगी. शिलाईचा टेप घ्या. परकराच्या नाडीच्या जागी मोजू नका, ती जागा बहुतेकींची खाली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, अंगाला टेकेल पण रुतणार नाही असा टेप धरा, श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढून आकडा कमी येतो, कंबर नाही. स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच ही मर्यादा.

उपचारांत वजन आडवं येतं ते असं

मोठ्या स्तनात छोटी गाठ हाताला लागायला उशीर होतो. मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) मात्र गंमत उलटी : चरबी काळी दिसते, गाठ पांढरी, त्यामुळे चरबीच्या स्तनात गाठ उठून दिसते. म्हणजे लठ्ठ बाईला ‘हाताला काही लागत नाही’ एवढ्यावर घरी पाठवणं बरोबर नाही.

केमोचा डोस उंची-वजनावरून ठरतो. पूर्वी लठ्ठ रुग्णांना ‘झेपणार नाही’ म्हणून हात राखून डोस दिला जाई, आणि त्यातून फायदाच कमी होई. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच स्पष्ट केलं की डोस प्रत्यक्ष वजनावरच, पूर्ण द्यावा. तुमच्या फाइलमध्ये डोस कमी केलेला दिसला तर कारण विचारायला हरकत नाही. किडनी, यकृत, पांढऱ्या पेशी अशी खरी कारणंही असू शकतात.

लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्या अरोमाटेजच बंद करतात. चरबी जास्त असेल तर थोडं इस्ट्रोजेन निसटून उरतं. तरी गोळी बंद करू नका, मनाने दोन घेऊही नका. या गोळ्या नेहमी ५ वर्षं किंवा त्याहून जास्त घ्यायच्या असतात आणि त्या अर्ध्यावर सोडल्याने होणारं नुकसान वजनाच्या नुकसानापेक्षा मोठं असतं.

काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येण्याची शक्यता लठ्ठपणात वाढते. इथे एक जुनी भीती अजून फिरते : ‘त्या हाताने घागर उचलू नको, काहीच उचलू नको.’ २००९ मध्ये हात सुजलेल्या स्त्रियांवर चाचणी झाली. देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट तिचे झटके कमी आले. अर्धा किलोपासून सुरुवात, हातावर दाब देणारी घट्ट बाही, आणि फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेणं, एवढं पुरे.

वजन चढतं ते नेमकं केव्हा

कॅन्सर म्हटलं की माणूस वाळतो, अशी आपली समजूत. स्तनाच्या कॅन्सरच्या केमोत बऱ्याच जणींचं वजन वाढतं. उलटी रोखायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्याने भूक चाळवते आणि अंगात पाणी धरतं. केमोने पाळी एकदम थांबते. थकव्याने चालणं-फिरणं बंद होतं, स्नायू उतरतात, त्यांची जागा चरबी घेते. आणि चौथं कारण घरातलं. ‘अक्का, ताकद नको का?’ म्हणत शिरा, डिंकाचे लाडू, साखर घातलेले ज्यूस. मायेने येतं सगळं, नाही म्हणता येत नाही. येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा : आणायचंच असेल तर अंडी आणा, मोड आलेली मटकी आणा.

केमो चालू असताना वजन उतरवायचं नाही. धरून ठेवायचं. या काळात प्रथिनं लागतात : किलोमागे दिवसाला १ ते दीड ग्रॅम. ६० किलोच्या बाईला ६० ते ९० ग्रॅम. ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीत ७ ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात ६, मूठभर कच्च्या डाळीत ७, २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांत १३. नुसत्या भाकरी-कालवणावर हा हिशोब जमत नाही. शेंगाचटणी प्रथिनांना चांगली, पण दोन चमचे चटणीत शंभरावर कॅलरी असतात. वर कच्चं तेल सोडलं की आणखी ४५. चटणी सोडायला कोण सांगतंय? तेल तेवढं सोडा.

तेलाचा हिशोब महिन्याच्या किराण्यावरून करावा, तो फसवत नाही. चौघांच्या घरात ५ लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर तेल पोटात जातंय. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरेसं आहे. एकदम निम्म्यावर येऊ नका, पहिल्या दोन महिन्यांत ३ लिटरवर या. एवढ्यानेच माणशी रोज सुमारे १३५ कॅलरी कमी होतात, कागदावर महिन्याला अर्धा किलो. प्रत्यक्षात त्याहून कमी उतरेल, कारण शरीर हिशोबाने चालत नाही. डबा संपला की तारीख लिहून ठेवा.

केमो आणि रेडिएशन संपून महिना-दीड महिना झाला की डॉक्टरांना विचारून वजनाकडे वळा. उद्दिष्ट ६ ते १२ महिन्यांत ५ ते ७ टक्के. ६२ किलोवाल्या बाईला ३ ते साडेचार किलो. ‘पंधरा किलो कमी करा’ हा सल्ला बरोबर असला तरी निरुपयोगी आहे, कारण तो ऐकून कुणी उठत नाही. अमेरिकेत ६१ हजार पाळी गेलेल्या स्त्रियांच्या पाहणीत ३ वर्षांत वजन ५ टक्के किंवा जास्त उतरवलेल्यांना स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी दिसलं. तो आकडा कॅन्सर होण्याचा, परतण्याचा नव्हे, हेही लक्षात ठेवा. परतण्याबद्दलच्या दोन मोठ्या आहार-चाचण्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. एकीत स्निग्ध पदार्थ कमी केले, त्यासोबत वजनही थोडं उतरलं, आणि परतण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी दिसलं, जेमतेम खात्रीच्या रेषेवर. दुसरीत ३,०८८ स्त्रियांनी भाज्या-फळं भरपूर वाढवली, वजन हललं नाही, आणि कॅन्सर परतण्यात फरक पडला नाही. पालेभाजी चांगलीच, पण तेलात पोहणाऱ्या वांग्याशेजारी ठेवून भागत नाही.

व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे ५ दिवस अर्धा तास असं चालणं की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. आठवड्यातून २ दिवस स्नायूंचा व्यायाम : खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठणं-बसणं, भिंतीला रेटा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत ४२ अंश सहज पार होतात, तेव्हा सिद्धेश्वर तलावाची किंवा कंबर तलावाची फेरी सकाळी ७च्या आत उरकावी. नाही जमलं तर घरातच. सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणारी किंवा मशीनवर गणवेश शिवणारी बाई संध्याकाळी दमलेली असते, पण त्या दमण्यात पाय हललेले नसतात. दर पाऊण तासाने उठून ३ मिनिटं चालणं तिच्यासाठी संध्याकाळच्या संकल्पापेक्षा जास्त पदरात पडतं. कॅन्सर हाडांत गेला असेल, ताप असेल किंवा हिमोग्लोबिन फार उतरलं असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी.

ज्याने फरक पडत नाही

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी इन्सुलिन उतरवते, मग कॅन्सरही आवरेल, असा तर्क होता. ३,६४९ मधुमेह नसलेल्या रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२२ मध्ये निकाल आला : फायदा नाही. मधुमेह असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवा. नसेल तर शेजारणीची मागून घेऊ नका. सकाळचं लिंबू-मध, दुधीचा रस, एकवीस दिवसांचे पाणी-उपवास यांनी चरबीसोबत स्नायू आणि उमेदही उतरते. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं भारतात मिळू लागली आहेत. त्यांनी वजन खरंच उतरतं, पण त्यासोबत स्नायूही जातात, आणि कॅन्सरच्या रुग्णाने ती आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला न सांगता सुरू करू नयेत.

आणि घरच्यांनी ‘खात सुटली म्हणून झालं’ हे वाक्य तोंडातून काढू नये. ते चुकीचं तर आहेच, शिवाय ते ऐकलेली बाई पुढच्या तपासणीला यायचं टाळते.

फाइलच्या पहिल्या पानावर

उपचारांनंतर पहिली ३ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, पुढची २ वर्षं दर ६ ते १२ महिन्यांनी, आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. काही त्रास नसताना दरवर्षी पेट स्कॅन करून आयुष्य वाढत नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. बार्शीतच १९८७ पासून ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी चालू आहे. खेड्यांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण शहरांपेक्षा बरंच कमी आहे, हे त्या नोंदणीतून दिसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच फेरीत सोबत न्या.

गाठ अजून झालेलीच नाही अशांसाठीही एक गोष्ट. मुंबईत दीड लाख स्त्रियांवर २० वर्षं चाललेल्या टाटा रुग्णालयाच्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळी, त्याच काट्यावर वजन करून फाइलच्या पहिल्या पानावर लिहा, कंबरही लिहा. वाढ दिसली तर वर सांगितलेला तेलाचा डबा आणि चालणं तपासा. दोन-तीन आठवडे न थांबणारी पाठीची किंवा हाडाची दुखी, रात्री वाढणारी. नवा दम, न जाणारा खोकला. डोळे पिवळे होणं. सकाळची डोकेदुखी आणि उलटी, यांतलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा. आणि आहार बदललेला नाही, चालणं वाढलेलं नाही, तरी दोन महिन्यांत ३-४ किलो आपोआप उतरले, तर पेढे वाटू नका. तीच फाइल घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.